मार्चमध्ये एसी लावला आणि खोली गार होईना : गॅस भरायला सांगण्याआधी हे तपासा

शिमगा झाला की कोल्हापुरात एसीवरची कव्हरं निघतात. गेल्या जूनपासून बंद असलेलं मशीन रिमोट दाबल्यावर सुरू होतं, वारा येतो, दिवा लागतो, पण खोली काही गार होत नाही. मग फोन येतो. बहुतेकांचं वाक्य ठरलेलं : "गॅस गेलाय वाटतं, तेवढा भरून द्या."

एसी दुरुस्ती हाच माझा धंदा आहे आणि दर उन्हाळ्यात याच तक्रारीनं सुरुवात होते. त्यातल्या थोड्याच घरांत खरोखर गॅस कमी निघतो. बाकी ठिकाणी वारा अडलेला असतो : कुठे आतल्या जाळीत, कुठे कॉइलवर (गॅस फिरतो ती पत्र्यांची नळी), कुठे आऊटडोअरच्या, म्हणजे एसीच्या बाहेर बसवलेल्या भागाच्या, मागच्या बाजूला. वारा अडलेल्या मशीनमध्ये वरून गॅस भरला तर प्रेशर वाढतं, कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) जास्त करंट ओढतो, आणि मूळ दुखणं तसंच राहतं. म्हणून गॅस हा शब्द शेवटी काढायचा. त्याआधी काय बघायचं ते खाली क्रमानं लिहितो. हे स्प्लिट एसीसाठी आहे. खिडकीच्या एसीलाही यातलं बरंचसं लागू पडतं.

आधी लक्षण नीट ओळखा

"एसी बिघडलाय" एवढ्यानं काहीच कळत नाही. वीस मिनिटं मशीन चालू ठेवून समोर बसा आणि बघा.

वारा भरपूर येतोय, पण साध्या पंख्यासारखा. याचा अर्थ आतला पंखा ठीक आहे, बाहेर काहीतरी अडलंय. गॅलरीत जाऊन आऊटडोअरचा पंखा फिरतोय का आणि कॉम्प्रेसरची घरघर येतेय का ते ऐका.

वारा गार आहे, पण हात अगदी जवळ धरला तरच लागतो. पलंगापर्यंत पोचत नाही. इथे जाळी, आतली कॉइल किंवा ब्लोअर (आतला गोल पंखा) यांच्यावर संशय घ्यायचा.

सुरुवातीला गार होतो, मग अर्ध्या-पाऊण तासात वारा मंदावत जातो आणि बंद केल्यावर टपटप पाणी पडतं. हा आतल्या कॉइलवर बर्फ धरल्याचा प्रकार.

दुपारी दोन ते पाच अजिबात दम नाही, रात्री दहानंतर मस्त गार. आऊटडोअर तुंबलेलं असतं, नाहीतर वरचा स्लॅब तापलेला असतो. संध्याकाळी दिवे लागल्यानंतरच त्रास होत असेल तर व्होल्टेज बघायचं.

आऊटडोअर दर काही मिनिटांनी चालू-बंद होतं, किंवा एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) पडतो. यात घरच्या घरी करण्यासारखं फार नसतं. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

आणि लावल्या लावल्या ओल्या फडक्यासारखा वास. तो बहुतेक वेळा ड्रेनच्या, म्हणजे एसीतलं पाणी बाहेर नेणाऱ्या नळीच्या, ट्रेमधला आणि ब्लोअरवरच्या बुरशीचा असतो.

अंदाजापेक्षा थर्मामीटर बरा

लांब वायरचा साधा डिजिटल थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तो घरात ठेवाच. दारं-खिडक्या बंद करा, एसी कूल मोडवर १६ ते १८ अंशांना लावा, पंखा सगळ्यात जोरात ठेवा. पंधरा-वीस मिनिटांनी इनडोअरच्या वरच्या बाजूला, जिथून हवा आत ओढली जाते, तिथलं तापमान बघा. मग खाली, जिथून गार वारा बाहेर येतो, तिथलं बघा.

दोन्हींत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर मशीन आपलं काम करतंय. आपल्याकडे मार्च-एप्रिलची हवा कोरडी असते, तेव्हा हा फरक वरच्या टोकाला असतो. मे महिन्यात वळीव पडून हवा दमट झाली की तोच ८ च्या आसपास येतो, कारण मशीनची बरीच ताकद हवेतल्या वाफेचं पाणी करण्यात जाते. म्हणजे मे महिन्यात फरक थोडा उतरला म्हणून लगेच घाबरायचं नाही.

फरक ४-५ वरच अडकला असेल तर पुढची तपासणी करा. आणि एक गोष्ट अनेक जणांच्या लक्षात येत नाही : फरक १५ च्या पुढे गेला आणि वारा मात्र कमी असेल, तर मशीन जोरात चाललंय असं समजू नका. हवा कमी जातेय म्हणून ती जास्त गार होतेय. जाळी किंवा कॉइल तुंबल्याची ही सर्वांत सोपी खूण.

पहिली तपासणी : रिमोट आणि खोली

याला पैसा लागत नाही. रिमोटवर बर्फाच्या चांदणीची खूण आहे का बघा. फक्त पंख्याची खूण असेल तर कॉम्प्रेसर सुरूच होणार नाही. ड्राय मोडवर असेल तर मशीन थांबून थांबून चालतं. सेल वर्षभर आत राहिले असतील तर पाणी सुटून पट्ट्यांवर हिरवा-पांढरा थर येतो. तो पुसून नवे सेल घाला. मशीन बंद करून लगेच लावलं असेल तर कॉम्प्रेसर तीनेक मिनिटं थांबूनच सुरू होतो, ती त्याच्या सुरक्षेची सोय आहे.

१ जानेवारी २०२० पासूनच्या स्टार लेबलच्या एसींमध्ये कारखान्यातूनच २४ अंशांची सेटिंग येते. त्यामुळे नवीन मशीन घेतलेल्या घरात "जुना जास्त गार करायचा" अशी तक्रार असते आणि रिमोटवर आकडा असतो २४. तुम्हाला ते गार वाटत नसेल तर दोन अंश कमी करा. पण १६ वर लावलं म्हणून साध्या, बिगर-इन्व्हर्टर मशीनमध्ये खोली लवकर गार होत नाही. कॉम्प्रेसर एकाच वेगानं चालतो, फक्त जास्त वेळ चालत राहतो.

खोलीकडेही बघा. दीड टनाचं मशीन पूर्ण जोरात खोलीतली साधारण ५.२ किलोवॅट उष्णता बाहेर टाकतं. वरच्या मजल्यावरची, पश्चिमेला भिंत असलेली खोली दिवसभर तापते आणि तो स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. सिमेंटच्या किंवा लोखंडी पत्र्याखालची खोली तर दुपारी विचारूच नका. अशा खोलीत मशीन चांगलं असूनही कमी पडतं, आणि त्यावर गॅस हा उपाय नाही. स्लॅबवर पांढरा रंग किंवा चुना, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा, हे आधी करा.

आपल्या गावाचा एक फायदा आहे, तो घ्या. एप्रिलमध्ये दिवसा ३७-३८ अंश असलं तरी रात्री पारा बऱ्याचदा २२-२३ पर्यंत उतरतो आणि संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो. जेवणं होईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवून साठलेली गरम हवा बाहेर जाऊ द्या आणि मग एसी लावा. निम्मं काम वाऱ्यानंच केलेलं असतं.

दुसरी : जाळी

इनडोअरचं पुढचं झाकण वर उचललं की दोन प्लॅस्टिकच्या जाळ्या दिसतात. आधी मेन स्विच बंद करा, मग त्या खाली ओढून काढा आणि ट्यूबलाइटसमोर धरा. उजेड आरपार दिसला पाहिजे.

राजारामपुरीतल्या एका फ्लॅटमध्ये हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात भिंत नव्हती. जाळी काढली तेव्हा ती राखाडी नव्हती, तपकिरी होती आणि बोटाला चिकटत होती. कांदा-लसूण चटणीच्या फोडणीचा धूर, त्यातलं तेल आणि त्यावर बसलेली धूळ असा तो थर. नुसत्या पाण्यानं तो हलेना. भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवली, जुन्या दात घासायच्या ब्रशनं हलक्या हातानं घासली, तेव्हा जाळीची भोकं दिसायला लागली. परत बसवली आणि वारा समोरच्या सोफ्यापर्यंत गेला. त्या घरात त्याआधी गॅस भरून झाला होता.

जाळी धुताना पाणी आतल्या, म्हणजे कॉइलकडच्या, बाजूनं सोडा. समोरून सोडलं तर धूळ भोकांत आणखी घट्ट बसते. कडक पाणी नको, जाळी वाकते. सावलीत पूर्ण वाळवूनच बसवा. रोज रात्री एसी चालतोय अशा दिवसांत दर पंधरा दिवसांनी हे करायचं. रस्त्याकडेच्या घरात आठवड्यानं.

जाळी इतकी महत्त्वाची का? कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही तर कॉइलचं तापमान शून्याच्या खाली जातं आणि तिच्यावर जमलेल्या पाण्याचा बर्फ होतो. बर्फ झाला की हवा आणखी अडते, आणखी बर्फ होतो. बर्फ दिसला तर चाकू, पेचकस काहीही लावू नका. कॉइलची नळी पातळ असते, एका ओरखड्यात फुटते आणि मग खरोखरच गॅस जातो. एसी फक्त पंख्याच्या मोडवर तासभर चालवा, खाली बादली ठेवा, बर्फ आपोआप वितळेल.

तिसरी : वीज, पण फक्त बघायची आणि वास घ्यायचा

एसीचा प्लग काढून पिना बघा. एखादी पीन काळसर किंवा सॉकेट तपकिरी, वितळल्यासारखं असेल, जळका वास येत असेल, तर एसी तिथेच थांबवा आणि वायरमनला बोलवा. सैल सॉकेटमध्ये ठिणगी पडून तो भाग तापत जातो, आणि आगी अशाच लागतात. दीड टनाच्या मशीनला १६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट, स्वतःचा एमसीबी आणि तांब्याची जाड वायर लागते, साधारण ४ चौरस मिलिमीटरची. एक्स्टेन्शन बोर्डावर एसी कधीच नको, तात्पुरताही नको.

स्टॅबिलायझरवर आकडा दिसत असेल तर दुपारी आणि संध्याकाळी आठला तो लिहून ठेवा. घरात २३० व्होल्टच्या आसपास हवेत. उन्हाळ्यात गल्लीतल्या सगळ्यांचे एसी एकदम लागले की ते उतरतं, आणि फार उतरलं की साध्या मशीनचा कॉम्प्रेसर नुसता 'हुंऽऽ' करतो आणि सुरू न होताच बंद पडतो. रोज तसं होत असेल तर वीज वितरणाकडे तक्रार करा. मेकॅनिक त्यात काही करू शकत नाही.

चौथी : आऊटडोअर

माझ्या मते कोल्हापुरातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच सापडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरातून काढलेली सगळी उष्णता आऊटडोअरच्या कॉइलमधून बाहेर जायची असते. ती कॉइल मागच्या आणि एका बाजूला असते, समोरून दिसतच नाही. समोरचा पंखा स्वच्छ दिसला की लोकांना वाटतं सगळं ठीक आहे. मागे हात घालून बोट फिरवलं की कळतं.

आपल्याकडे या कॉइलवर वर्षभरात काय काय बसतं ते बघा. जून ते सप्टेंबर पाऊस, त्यात भिंतीवरचं शेवाळ आणि चिखलाचे शिंतोडे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड सुरू झाली की फडात पेटवलेल्या पाल्याची काळी काजळी उडते, ती मार्चपर्यंत. कसबा बावडा, कळंबा, फुलेवाडी, उचगाव या बाजूला गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर ती तुम्ही पाहिलीच असेल. तीच काजळी कॉइलच्या बारीक पत्र्यांत शिरते आणि दवानं ओली होऊन चिकटते. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीजवळ आणि उद्यमनगरात फाउंड्रीची बारीक काळी धूळ असते, ती तर झटकून जातच नाही. त्यावर कबुतराची पिसं आणि घरट्याच्या काड्या. एवढं सगळं बसल्यावर भर दुपारी ते मशीन उष्णता टाकणार कुठे? प्रेशर वाढतं, कॉम्प्रेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला बंद होतो. रात्री बाहेरची हवा गार झाली की तेच मशीन बरं चालतं. "दुपारी नाही, रात्री चालतो" हे लक्षण इथून येतं.

आऊटडोअर गॅलरीत किंवा गच्चीवर असेल, तुम्ही दोन्ही पाय जमिनीवर ठेवून त्याच्यापर्यंत पोचू शकत असाल, तरच पुढचं करा. छज्ज्यावर उतरून, खिडकीतून वाकून, शिडीवर चढून हे काम करायचं नाही. त्या कामाला पट्टा बांधून काम करणारा माणूस बोलवा. याबाबतीत माझं मत बदलणार नाही.

एमसीबी पाडा. समोरची आणि मागची अडगळ काढा : कुंड्या, सायकल, वाळत घातलेली चादर, ताडपत्री. मागे वीतभर आणि समोर निदान दोन-तीन फूट मोकळं हवं. मऊ ब्रशनं पत्र्यांच्या उभ्या दिशेनंच धूळ झाडा, आडवा ब्रश मारला तर त्या वाकतात. मग बागेच्या साध्या पाईपनं, वरून खाली, कमी जोरात पाणी सोडा. आधी काळं पाणी येईल, स्वच्छ येईपर्यंत सोडत राहा. गाडी धुवायचा जेट जवळून मारू नका. पत्र्या एकमेकांना चिकटल्या की आधी होतं त्यापेक्षा वाईट होतं. ज्या बाजूला वायरी आत जातात तिथल्या झाकणावर पाणी मारायचं नाही. तासभर वाळू द्या, मग एमसीबी वर करा आणि थर्मामीटरचा फरक पुन्हा मोजा.

पावसाळ्यात आऊटडोअर प्लॅस्टिकच्या कागदात गच्च गुंडाळून ठेवायची पद्धत घरोघरी दिसते. काळजीपोटी करतात, पण त्यानं आत दमटपणा कोंडतो, गंज चढतो आणि उंदरांना ऊबदार घर मिळतं. ते मग वायरी कुरतडतात. मशीन पावसात राहण्यासाठीच बनवलेलं असतं. फार तर वर एक पत्रा टाका, बाजू मोकळ्या ठेवा.

दुधाळी, रमणमळा अशा पूर येणाऱ्या भागात तळमजल्याला आऊटडोअर असेल आणि २०१९ किंवा २०२१ सारखं पाणी त्याच्यावर चढलेलं असेल, तर वरून कोरडं दिसलं म्हणून कधीही लावू नका. गाळ पीसीबीत (आतल्या इलेक्ट्रॉनिक पट्टीत) आणि जोडण्यांत राहतो. उघडून, धुऊन, वाळवून, मीटरनं तपासूनच ते सुरू करायचं असतं. आणि पुढच्या पावसाआधी स्टँड वरच्या मजल्याच्या भिंतीवर घ्या.

पाचवी : ड्रेनमध्ये एक तांब्या पाणी

मार्चमध्ये हवा कोरडी असल्यामुळे कॉइलवर पाणी फार जमत नाही. त्यामुळे ड्रेन तुंबलेला असला तरी कळत नाही. मे महिन्यात पहिला वळीव पडतो, रात्री हवा दमट होते आणि दुसऱ्या दिवशी एकामागून एक फोन येतात : एसीतून भिंतीवर पाणी उतरतंय, खालचं कपाट भिजलं. म्हणून ही तपासणी आताच करा.

मेन स्विच बंद. जाळ्या काढा. कॉइलच्या मधल्या भागावर एक तांब्याभर पाणी हळूहळू, चमच्यानं सोडल्यासारखं सोडा. उजव्या बाजूला बहुतेक मशीनमध्ये पीसीबी आणि वायरी असतात, तिकडे जाऊ नका. घरातल्या दुसऱ्या माणसाला बाहेर ड्रेनच्या टोकाशी उभं करा. मिनिट-दोन मिनिटांत तिथून पाण्याची धार लागली पाहिजे. थेंब थेंब आलं किंवा आलंच नाही, तर नळीत चिकट बुरशी साठलीय. बाहेरच्या टोकाला ओलं-सुकं ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर लावला तर ती बऱ्याचदा निघून येते. तोंडानं फुंकू नका, तार खुपसू नका. आतला जोड निसटला तर पाणी भिंतीच्या आतच उतरतं.

बाहेरचं टोक बादलीत किंवा बाटलीत बुडवून ठेवलेलं नाही ना, तेही बघा. बुडालेल्या टोकामुळे नळीत हवा अडकते आणि पाणी मागे सरकतं. नळीला कुठेही वर चढ नको.

सहावी : आतली कॉइल आणि ब्लोअर

जाळीमागची कॉइल टॉर्च मारून बघा. वरवर धूळ असेल तर मऊ ब्रशनं झाडता येते. पण खाली गोल ब्लोअर असतो, त्याच्या पात्यांत धूळ भरली की वारा निम्मा होतो आणि खडखड सुरू होते. तो घरी साफ होत नाही. त्यासाठी पिशवी बांधून, पंपानं पाणी मारून करायची सर्व्हिसिंग असते. वर्षातून एकदा, फेब्रुवारीच्या शेवटी करून घ्या. एप्रिलमध्ये आम्हा सगळ्यांकडे रांग असते आणि घाईत काम चांगलं होत नाही. सर्व्हिसिंग करणाऱ्यानं ॲसिडची बाटली काढली तर नको म्हणा. कॉइल चकाचक दिसते, पण पत्रे आणि नळी खाल्ली जाते.

इथे थांबा

वरचं सगळं करूनही फरक ४-५ वरच असेल, तर झाकणाचा एकही स्क्रू काढू नका. आऊटडोअरच्या आत कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, असतो. वीज बंद केली तरी त्याच्यात चार्ज राहतो आणि तो झटका जीवावर बेतू शकतो. इन्व्हर्टर मशीनच्या पीसीबीवर तर तीनशे व्होल्टच्या वर डीसी साठलेला असतो. आऊटडोअर गुणगुणतंय पण सुरू होत नाही, पंखा काठीनं ढकलल्यावर फिरतो असं शेजारी सांगतात, ती काठी लावूच नका. तो कपॅसिटरचा किंवा मोटरचा दोष आहे, आणि मेकॅनिकच्या दृष्टीनं काम छोटंच आहे. बंद पडलेल्या आऊटडोअरच्या पीसीबीवर पाल किंवा मुंग्या चिकटून जळालेल्या आम्हाला नेहमी सापडतात, तेही त्याच्याच हातानं साफ व्हायला हवं.

एमसीबी किंवा ईएलसीबी (विजेची गळती झाली की पडणारा स्विच) पडत असेल तर एकदा वर करून बघा. दुसऱ्यांदा पडला तर तसाच राहू द्या. मशीनला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर लगेच मेन बंद. अर्थिंग गेलेलं असतं. इन्व्हर्टर मशीनवर दिवे ठरावीक वेळा लुकलुकत असतील तर मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढा. त्यावरून मेकॅनिकला दोष कळतो.

आता गॅस

जाळी स्वच्छ, कॉइल स्वच्छ, आऊटडोअर स्वच्छ, कॉम्प्रेसर चालू, तरी गार नाही. आऊटडोअरच्या पितळी व्हॉल्व्हवर किंवा बारीक नळीवर पांढरा बर्फ, किंवा आतल्या कॉइलचा एकच कोपरा गार आणि बाकी कोमट. आता गॅसचं नाव घ्यायला हरकत नाही.

मंगळवार पेठेतल्या एका आजींनी मला अगदी नेमका प्रश्न विचारला होता. "आरं बाळा, गेल्या उन्हाळ्यात तर भरलाय की गॅस. ह्या वर्षी परत कसा काय संपला?" मी म्हटलं, "आजी, तो संपत नसतो. कुठंतरी गळतोय, आणि गेल्या वर्षी ते भोक कुणी शोधलं नाही." एसीत गॅस बंद नळीतून फिरत राहतो, जळत नाही की वापरला जात नाही. चांगल्या जोडणीचं मशीन वर्षानुवर्षं त्याच गॅसवर चालतं. "दरवर्षी थोडा टॉप-अप करावा लागतो" असं कुणी सांगितलं तर ते मानू नका.

आजींच्या मशीनला आऊटडोअरच्या जाड नळीच्या फ्लेअर नटभोवती (नळी मशीनला जोडणाऱ्या नटभोवती) तेलकट काळा डाग होता. गॅसबरोबर थोडं तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते. साबणाचा फेस लावला, बारीक बुडबुडे येत राहिले. नळीचं तोंड नव्यानं करून नट घट्ट केल्यावर गळती थांबली. असा डाग तुम्हालाही नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो, मेकॅनिक आल्यावर त्याला तो दाखवा.

गळती शोधल्याशिवाय गॅस भरू देऊ नका. नीट काम असं असतं : नायट्रोजन भरून प्रेशर धरतंय का बघायचं, जोड दुरुस्त करायचा, व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओल काढायची, मग वजनकाट्यावर गॅस भरायचा. आऊटडोअरच्या पाटीवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं, भरताना तेवढंच. व्हॅक्यूम न करता गॅसनंच हवा ढकलून बाहेर काढणारे आहेत. आत राहिलेली ओल तेलात मिसळून आम्ल तयार करते आणि कॉम्प्रेसर एक-दोन वर्षांत जातो.

जुन्या मशीनमध्ये आर-२२ असतो, मधल्या काळातल्या मशीनमध्ये आर-४१०ए, हल्लीच्या बहुतेकांत आर-३२ आणि काहींत आर-२९०. एकाच्या जागी दुसरा चालत नाही, मशीन त्याच्या गॅससाठीच बनवलेलं असतं. आर-३२ थोडा पेट घेतो आणि आर-२९० म्हणजे प्रोपेन, तो तर घरच्या सिलिंडरसारखाच पेटतो. त्यामुळे गॅस आत असताना नळीवर वेल्डिंगची ज्योत लागता कामा नये. तसं होताना दिसलं तर घरातल्यांना बाहेर काढा आणि काम थांबवा. जुना गॅस हवेत सोडून देणाऱ्यालाही अडवा : एक किलो आर-४१०ए हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबानं तो सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. तो सिलिंडरमध्ये परत काढून घेता येतो.

मशीन दहा-बारा वर्षांचं असेल, आतली कॉइलच जागोजागी गळत असेल आणि त्याच्यात आर-२२ असेल, तर माझा सल्ला दुरुस्ती न करण्याचा. एक भोक बुजवलं की दुसरं पडतं.

काम झाल्यावर बिलावर चार गोष्टी लिहून घ्या : गॅसचं नाव, भरलेलं वजन, गळती कुठे होती, आणि चालू मशीन किती अँपिअर घेतंय. मग पंधरा मिनिटं मशीन चालवा, मेकॅनिकसमोरच थर्मामीटर लावा, फरक ८ च्या वर दिसला की पैसे द्या.